लाल्याचे टायर

नांदगाव पेठेच्या आसपास कोणालाही विचारा, भगवंतराव कसा माणूस आहे? ऐकणारा आधी हसेल, मग कपाळाजवळ बोट फिरवेल आणि म्हणेल, "माणूस सोन्यासारखा हाये जी, पन थोडा बह्याड हाये." आता हे बह्याडपण काही झाकून ठेवण्यासारखं नव्हतं. ते त्यांच्या दारातच उभं असायचं. लालभडक, दोन सीटांचं आणि इतकं बुटकं, की कोंबडीसुद्धा त्याच्या टपावर सहज चढून बसायची.

त्या वर्षांत वऱ्हाडात पिकापेक्षा पाहुणेच जास्त येत होते. कोणी दिल्लीचे, कोणी मुंबईचे, कोणी अहवाल लिहिणारे, कोणी कॅमेरा घेऊन फिरणारे. प्रत्येकाला शेतकऱ्याचा उतरलेला चेहरा पाहिजे होता, आणि चेहरे खरंच उतरलेले होते, त्यात खोटं काही नाही. एकदा टीव्हीवाले भगवंतरावांच्या दारात आले. अंगणात बाज टाकली, भगवंतरावांना बसवलं, पागोटं थोडं वाकडं करायला लावलं. मग कॅमेरावाला अडला. "काका, ती मागची स्पोर्ट्स कार जरा बाजूला घेता का?"

"काहून?" भगवंतराव म्हणाले. "ते माहीच होय."

"तसं नाही, पण लोकांना पटणार नाही."

"मलेच अजून पटून नाई राहिलं, तर लोकाईचं काय घेऊन बसले!"

गाडी हलली नाही. टीव्हीवाले हलले आणि पुढच्या गावी गेले. भगवंतरावांचा चेहरा काही टीव्हीवर आला नाही, ही सल सुभद्राबाईंना बरेच दिवस होती.

मुळात झालं असं, की भगवंतरावांचं काळं रान कारखान्यांच्या वसाहतीत गेलं. आज त्या जागी कापडाची गिरणी आहे. मोबदला मिळाला, पण रान गेल्यावर चारा कुठून आणायचा? लाल्या आणि हरण्या ही त्यांची पटाची जोडी विकावी लागली. पट म्हणजे शंकरपट, वऱ्हाडातली बैलांची शर्यत. त्यात हलकीफुलकी छकडी असते, हाकणारा जमिनीपासून वीतभर उंच बसतो, आणि बैल सुटले की त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. भगवंतरावांनी जन्मभर दोनच कामं मनापासून केली. एक रान कसणं, दुसरं छकडी हाकणं. दोन्ही एकाच उन्हाळ्यात संपली.

मग ते मुलाबरोबर नागपूरला जीप घ्यायला गेले. मुलगा विपुल पुण्यात नोकरी करतो, शहाणा आहे, म्हणजे बापासारखा नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात तो जीपचं इंजिन तपासत होता, तेवढ्यात भगवंतराव कोपऱ्यातल्या या लाल गाडीत बसून पाहायला गेले. बसले म्हणजे आधी डोकं घातलं, मग एक पाय, मग देवाचं नाव. आत गेल्यावर पाय सरळ पुढे पसरले गेले आणि बूड थेट रस्त्याला टेकल्यासारखं झालं.

"विपुल! अबे, हे तं छकडी हाये!"

"बाबा, आपल्या रोडवर ही चालत नाही."

"आपल्या रोडवर चालते तरी काय? घेऊन टाक."

अशी गाडी आली, आणि तिचं नाव दारात उतरायच्या आधीच ठरलं होतं, लाल्या. गावानं पोट धरून हसून घेतलं. रस्त्यात गतिरोधक आला की सुभद्राबाई खाली उतरायच्या, म्हणजे लाल्याचं पोट जरा वर यायचं. गाडी पुढे जायची, मागून बाई पदर खोचून चालत यायच्या. "गाडीवालीन चालली पायी," असं बाया म्हणायच्या. सुभद्राबाई चारचौघांत त्या गाडीला कधी चांगलं म्हणाल्या नाहीत. "आगलावं भंगार" हा त्यांचा ठरलेला शब्द होता.

आणि मग दोनच वर्षांत टायर गेले. नक्षी जिथल्या तिथे होती, पण कडांना भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात नाल्याकाठची माती फाटते तशा. भगवंतरावांना काही उमगेना. रोज सकाळी ते स्वतः धूत होते, टायर कसे चकचकत असायचे! पुण्याहून विपुलनं फोनवर हिशेब केला आणि म्हणाला, "बाबा, या गाडीचे टायर म्हणजे चैन आहे. अकोल्यात एक डॉक्टर ही गाडी घ्यायला तयार आहेत. विकून टाका."

"इकाच," सुभद्राबाई म्हणाल्या.

भगवंतराव दोन घास कमी जेवले. मग म्हणाले, "अकोल्याले जाऊ. इनायतभाईच्या दुकानात लाल्याच्या जोगता टायर भेटला तं ठीक. नाई तं तिथूनच गाडी डॉक्टरले देऊन एसटीनं घरी येऊ." माणूस बह्याड असला तरी शब्दाचा पक्का होता, आणि हे त्याला स्वतःलाही माहीत असल्यामुळे त्याला त्या रात्री झोप लागली नाही. बैल गेले, रान गेलं. पळणारं असं घरात हे एकच उरलं होतं.

इनायतभाईंचा फोन आला तोवर पोळा तोंडावर आला होता. दोघं सकाळीच निघाले. भेगाळलेल्या टायरांवर जोरात जायची सोय नव्हती, म्हणून ताशी दीडशे पळणारी गाडी बैलबंडीच्या चालीनं अकोल्याकडे चालली. एसटीनं मागे टाकलं, जीपनं मागे टाकलं, शेवटी खताची पोती भरलेल्या ट्रॅक्टरनंही मागे टाकलं. ट्रॅक्टरवाला वाकून म्हणाला, "काकाजी, दोर देऊ का?" भगवंतरावांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मूर्तिजापुरात रस्त्याच्या कडेला घुंगरमाळा, रंगीत गोंडे, बेगड अशी पोळ्याची दुकानं लागली होती. सुभद्राबाई काचेतून बघत राहिल्या आणि दुकानं मागे गेल्यावरही त्यांची मान तिकडेच होती. भगवंतरावांना वाटलं, मान अवघडली असेल.

इनायतुल्लांचं दुकान बापाच्या वेळचं. भगवंतरावांच्या बंडीला पहिले टायर इनायतुल्लांच्या बापानंच बसवले होते. बैलबंडीपासून सोळा चाकी ट्रकपर्यंत कशाचाही टायर मागा, "नाही" हा शब्द या दुकानात मिळणार नाही, अशी इनायतुल्लांची ऐट. या गाडीनं मात्र त्यांच्या ऐटीला घाम फोडला होता. भगवंतरावांनी फोनवरून टायरवरचे आकडे वाचून दाखवल्यापासून त्यांनी मुंबईला इतके फोन केले, की घरात बायको रईसा विचारू लागली, "पोरीचा रिश्ता पाहून राहिले का टायर?" अखेर दोन तऱ्हेचे टायर आले होते आणि दुकानात पाटावर मांडून ठेवले होते.

"या भाऊ, या भाभी. चहा सांगतो. देखो, हे नरम रबराचे. रोडले असे चिपकते का वळणावर गाडी घसरतच नाही. पन झिजते लवकर, अन् महागही हाये. अन् हे कडक. पकड बेतशीर, पन लय चालते."

भगवंतराव टायरांभोवती फिरले. बैलबाजारात फिरतात तसेच फिरले. थाप मारली, अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, लांब जाऊन उभे राहिले, परत जवळ आले. मग दुकानदाराच्या डोळ्यात बघत म्हणाले, "दात दाखव."

इनायतुल्ला हसले नाहीत. त्यांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. "हा आठवडा, हे साल. औंदाचाच जलम हाये. ठेवून ठेवून म्हातारा झालेला माल मी तुमाले देईन का? अन् हा बाण पाहा. ज्या बाजूचा टायर, त्याच बाजूले बसते."

"म्हंजे हा डाव्या अंगाचा, हा उजव्या," भगवंतराव खुश झाले. "लाल्याही उजव्याच अंगाचा होता. डाव्याले जुंपला का बसूनच घे." लगेच खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी त्याखाली हात पुढे केला. बैलाचा सौदा असाच होतो, कापडाखाली बोटं धरून. इनायतुल्लांनीही सवयीनं हात घातला.

"उघड बोला जी!" सुभद्राबाई कडाडल्या. "आधी ठरू द्या, घ्याचे का नाई ते."

दुपट्टा खाली आला. इनायतुल्लांनी मग टायरवाल्यानं विचारायचा तोच प्रश्न विचारला. "भाऊ, गाडी चालवता कुठं? जोरात का हळू? त्यावरच हाये सगळं."

"नागपूर रोडले," भगवंतराव छाती काढून म्हणाले. "वाऱ्यासंगं पैज असते."

"वाऱ्यासंगं!" सुभद्राबाई फिसकन हसल्या. "इनायतभाऊ, मी सांगतो खरं. हे सकाळी उठते, गाडी काढते अन् गिरणीच्या भिताडापावतर जाते. आमच्या वावराचा धुरा, बांध होता तिथं. थोडा वेळ उभं रायते अन् माघारी येते. हे त्याईचं नागपूर."

भगवंतराव चपलेच्या टोकानं फरशी उकरू लागले. बायकोला हे ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मग भाऊ," इनायतुल्ला हळूच म्हणाले, "खरं सांगतो, नरम टायर तुमच्या कामाचे नाहीत. कडक घ्या. तेवढ्या चालीले ते नातवापावतर पुरते."

भगवंतरावांना ते खोटं म्हणता येईना आणि गळ्याखालीही उतरेना. कडक टायर म्हणजे लाल्याला नांगराला जुंपणं. "तसं चालवाचं असन तं चालवाच कायले," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. "लाव डॉक्टरले फोन. पटाच्या जनावराले ढोर करून ठेवन्यापेक्षा ज्याले पळवता येते त्याले देतो."

हे ते मनापासून बोलले होते. इनायतुल्ला फोनकडे वळले, पण सवय वाईट. जाता जाता खाली बसून त्यांनी गाडीच्या जुन्या टायरवरून अंगठा फिरवला. अंगठा नाकाला लावला. परत फिरवला.

"भाऊ, हे टायर झिजले नाहीत. याईची नक्षी तं नव्यासारखी हाये. याईले तेल कोन लावते?"

"तेल?"

"जवसाचं तेल, हळद, अन् तूपही असन. तेलानं रबर सडते, वरून आपलं ऊन. हे टायर पळून नाही मेले. लाडानं मेले."

भगवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. सुभद्राबाईंनी चहाचा रिकामा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ लावूनच ठेवला.

"सुभद्रे?"

"मंग काय करू?" कप आदळलाच त्यांनी. "गोठा खाली. बैल गेले त्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळदीची वाटी घेऊन मी उभी. जलमभर बैलाईची खांदशेकनी केली, आता कोनाच्या खांद्याले लावू? हेच आगलावं उभं होतं दारात. म्हनलं, याईच्यावरच आमचा भार हाये, तं लावलं चाकाले. मंग उन्हात कोरडे दिसे, जीव तुटे. तुमी दुपारी घोरले का लावो थोडं थोडं जवसाचं तेल. मले का मालूम, का मराले लागन म्हनून?" आणि डोळ्यांना पदर लावून त्या चक्क रडल्या, त्या भंगारासाठी.

भगवंतरावांना हसू आलं. म्हणजे टायर कसे चकचकत होते, ते आत्ता कळलं!

"अन् आता इकता?" सुभद्राबाई नाक पुसत म्हणाल्या. "इनायतभाऊ, फोन ठेवा खाली. ते नरमवाले लावा. माह्या हाताले पाटल्या नाई मागून राहिली मी, चार टायरच तं मागून राहिली. अन् तुमी," त्या नवऱ्याकडे वळल्या, "जाताना पळवजा. भिताडापावतर जाऊन उभं रायन्यासाठी नाई घेऊन राहिलो आपन."

दुपट्टा पुन्हा निघाला, बोटं जुळली, आणि सौदा कसा झाला ते त्या दोघांनाच माहीत. इनायतुल्लांनी जाताना एवढंच बजावलं, "भाभी, निस्तं पानी. तेल नको, तूप नको, काही नको."

बोरगाव मागे पडल्यावर भगवंतरावांनी पाय दाबला. लाल्यानं असा ओढा घेतला, की सुभद्राबाईंच्या तोंडून "माय वं!" निघालं आणि त्यांनी दोन्ही हातांनी जे हाताला लागलं ते धरलं. भगवंतरावांनी घाबरून वेग कमी केला. तर शेजारून आवाज आला, "कमी काहून केली?" मूर्तिजापूरच्या अलीकडे सकाळचा तो ट्रॅक्टर रिकामा परत जाताना पुढे दिसला. भगवंतरावांनी त्याच्या बाजूनं गाडी नेली आणि दोर पाहिजे का म्हणून विचारायला तोंड उघडलं, पण तोवर तो फार मागे राहिला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात घराघरांतून गरम पाण्याची पातेली आणि तुपाच्या वाट्या गोठ्याकडे निघाल्या. दिवस कलला तशा सुभद्राबाईही वाटी घेऊन अंगणात आल्या. लाल्या धुऊन पुसून उभा होता. त्या टायरजवळ वाकल्या, हात पुढे केला आणि इनायतुल्लांचं बोलणं आठवून तसाच मागे घेतला. वाटी हातात, आणि लावायला कोणी नाही. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

बाजेवर बसलेल्या भगवंतरावांनी हे पाहिलं. ते उठले, सदरा काढून बाजेवर टाकला आणि बायकोपुढे येऊन खाली बसले, पाठ करून. उघड्या खांद्यावर जन्मभराच्या ओझ्याचे काळे घट्टे होते.

"हे काय जी, बह्याडावानी?"

"लाव. लाल्याले चालत नाई, मले चालते."

"कोनी पाहीन ना!"

"पाहू दे. टीव्हीवालेही आता येत नाईत."

सुभद्राबाईंनी एकदा फाटकाकडे पाहिलं. मग वाटीत पळसाचं पान बुडवलं आणि तूप-हळद त्या खांद्यांवर लावली, आधी उजव्या, मग डाव्या. "बैलच हायेत तुमी," त्या म्हणाल्या. मग बैलांना म्हणायचं ते त्या हळूच म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"येतो," भगवंतराव म्हणाले.