डावा कौल

माझा थोरला भाऊ सरकारी खात्यात इंजिनिअर होता. कणकवलीपासून समुद्रापर्यंतच्या ओढ्यांवर त्याने कितीतरी छोटे पूल बांधले. आई-वडील लवकर गेल्यामुळे माझं शिक्षण त्यानेच केलं. आम्ही त्याला दादा म्हणायचो. बदली कुठेही झाली तरी रात्रीचं जेवण तो घरी येऊन जेवायचा, मग स्कूटरवर कितीही भिजायला लागो. दोघांचाही स्वभाव आकड्यांचा. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. फरक इतकाच की दादा देवाला विचारल्याशिवाय काही करत नसे, आणि मी देवळात जायचो तो त्याच्या सोबतीला.

आमच्या गावात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुलीचं लग्न, विहिरीची जागा, दादाने सगळं असं विचारून केलं.

निवृत्तीनंतर त्याला चालताना चक्कर यायला लागली. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप आकसली आहे, बदलावी लागेल. "हृदय अजून दमदार आहे. आता केलंत तर धोका कमी. थांबलात तर ते थकेल, मग मला हात लावता येणार नाही." धोका नेमका किती, हे मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. परतताना वहिनी गाडीत तारखा ठरवत होती. दादा एवढंच म्हणाला, "आधी कौल घेवया."

डावी पाकळी पडली.

मी त्याच्याशी भांडलो. "दादा, पुलाचो पायो किती खोल व्हयो, ता तू देवाक कधी इचारलंस? मुहूर्त तेवढो इचारलंस. मगे ह्या कशाक इचारलंस?"

"पुलावरसून दुसऱ्यांची पोरां जातत. थंय माझी चूक चलाची नाय. ह्यो जीव माझो."

वहिनी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "तुमचो? अवो, मगे ह्या कुंकू कोणाच्या नावाचा लावतंय मी?"

तो उठून अंगणात गेला. त्यानंतर घरात त्या विषयावर कोणी बोललं की तो उठून जायचा. मुलगी मुंबईहून आली, रडली, परत गेली. पावसाळा संपेपर्यंत त्याला अंगणातल्या पायऱ्याही जड झाल्या.

मग एका सकाळी वहिनी मला घेऊन देवळात गेली. गुरव कचरला. "वयनी, तोच प्रश्न देवाक परत घालूचो नसता."

"तोच खंय? तेंचो प्रश्न तेनी इचारल्यानी. माझो मी इचारतंय. माका माझो घोव होयो. देतलो काय नाय, ता इचार."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. साथीला "व्हय म्हाराजा" म्हणायला मी एकटाच होतो, म्हणून म्हणालो. मनापासून म्हणालो, इतकं मला आठवतं. पाकळ्या हलल्या नाहीत. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं, नैवेद्याची वेळ झाली, तरी दोन्ही तशाच. वहिनी पाषाणासमोर उभी राहिली. "आमच्या वेळेक बरो मुको झालो मेलो!" गुरवाने जीभ चावली.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा दादा धाप लागेपर्यंत हसला. "देवाक शिवी घालून इलंस गो?" मग हसू थांबवून म्हणाला, "मुको रवलो म्हणजे पयलो कौल कायम."

त्याच्या पायांवर सूज आली. एका पहाटे त्याला श्वास घेता येईना, तेव्हा आम्ही कोणालाही काही विचारलं नाही. गाडी फोंडा घाट चढत असताना त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि माझी बाही धरली. "डॉक्टराक सांग, बदल म्हणा ती झडप. माका जगाचा आसा."

वहिनीने दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. सबंध घाटभर तिने ते सोडलं नाही.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाहेर बोलावलं. हृदय थकलं होतं. शस्त्रक्रिया सुरू केली तर टेबलावरच जातील, म्हणाले. घरी न्या. हे त्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला वळणं घेऊन बोलता येत नाही. "दादा, ते करुचे नाय म्हणतत. उशीर झालो."

दादा म्हणाला, "देवाक दोष देव नको हां. प्रश्न माझो होतो."

"मगे कोणाक देव?" वहिनी म्हणाली. "सांगा. माका कोणाक तरी देवचो आसा."

त्याने तिचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाट उतरलो. फोंड्याच्या बाजारात दादा म्हणाला, चहा हवा. डॉक्टरांनी त्याला पाणीसुद्धा मोजून द्यायला सांगितलं होतं. मी अर्धा कप आणला. वहिनीने तो बघितला, गाडीतून उतरली, स्वतः टपरीवर गेली आणि काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन आली.