यज्ञूला हात लावून उठवावं लागायचं

जयंतराव मला म्हणाले, मीनाताई, यज्ञेश्वरभाऊंचं वर्षश्राद्ध येतंय, आपल्या ध्यान मंडळाच्या स्मरणिकेत त्यांचं जीवनचरित्र पाहिजे, बहिणीच्या हातचं. वर हे पण बोलले की चांगलं चांगलं लिहा. मी पाचवी शिकलेली, मोबाईलवर एका बोटाने लिहून राहिले. चांगलं होतं ते चांगलं लिहीन, बाकीचं पण लिहीन. छापायचं तर पूर्ण छापा, नाहीतर राहू द्या.

यज्ञू माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. आठवीत नापास झाला तेव्हापासून देवास गेटच्या स्टँडवर. काम काय, तर प्राइवेट बसवाल्यांसाठी आवाज द्यायचा. ‘देवास इंदौर, देवास इंदौर, चलो बैठो, निकल रही है!’ बस सुटायला पाऊण तास असला तरी निकल रही है. चाळीस वर्षं तो असं खोटं बोलला न कोणी त्याच्यावर चिडलं नाही, कारण बसलेल्या म्हातारीला खिडकी उघडून द्यायचा, पोराला उलटी झाली तर पाणी आणून द्यायचा.

आवाज असा की आम्ही नानाखेड्याला राहायला आलो तर पहिल्याच दिवशी शेजारीण विचारायला आली, घरात भांडण चालू आहे का. मी म्हटलं नाही हो, तो मीठ मागून राहिला. लग्न झालं नाही. एक स्थळ आलं होतं, मुलगी म्हणाली मुलगा वसकन बोलतो. मग कोणी दुसरं बघितलं नाही. माझे मिस्टर गेले न मी माहेरी आले, तर किती दिवस राहशील हे त्याने एकदा पण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी नवीन गादी घेऊन आला, बसच्या टपावर टाकून.

दोन हजार सोळाच्या सिंहस्थात त्याला तात्पुरत्या स्टँडवर माईकवर बसवलं. भोंगा बरोबर डोक्यावर. महिनाभर सकाळपासून. मेळा संपला न घरी आला, तर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊन राहिला न हा समोर बसून पेपर वाचतोय. डावा कान गेला, उजवा अर्धा राहिला. वर कानात आवाज, दिवसभर. म्हणायचा, ‘ताई, ड्रायवर बस चालू ठेवून चहा प्यायला गेलाय न परत येतच नाहीये.’

तेव्हापासून आमच्या घरात एकच पद्धत. यज्ञूला हाक मारायची नाही, हात लावायचा. खांद्यावर हात ठेवला की वळून बघायचा. दूधवाल्याला पण माहीत होतं.

मग तो नदीवर जाऊन बसायला लागला. राम घाटावर नाही, तिथे पंडे न माईक. शिप्राच्या वरच्या अंगाला जिथे शेतं लागतात, तिथे अर्जुनाचं एक झाड आहे, अर्धी मुळं पाण्यात. सकाळी सहाला सायकलवर जायचा, साडेआठला परत. मला ते आवडत नव्हतं, मी सरळ सांगते.

‘काय करतोस तिथे?’

‘काही नाही.’

‘काही नाही तर घरी कर. इथे पण पुष्कळ काही नाही आहे.’

हसला. मग म्हणाला, ‘ताई, तिथे पाण्याचा आवाज असतो न, तर कानातली बस लांब जाते. बंद नाही होत. पण पार इंदौरच्या रस्त्याला लागते.’

त्याला गुरु नव्हता, मंत्र नव्हता. डोळे पण पूर्ण बंद नाही करायचा. पाणी आज कोणत्या दगडापर्यंत आलं, निळा खंड्या पक्षी आला की नाही, हे घरी येऊन सांगायचा. खंड्या नाही आला तर दुपारपर्यंत तोंड पाडून. मी म्हणायचे, तो काय तुझ्या बसची सवारी आहे का, चुकली म्हणून रडायला? पण माणूस शांत झाला होता. मीठ हळू मागायला लागला होता. ते मी बघत होते.

दोन वर्षं असं चाललं. मग जयंतरावांची मंडळी आली. बँकेतून रिटायर, शाळेतून रिटायर, शिकलेली माणसं. आधी एका हॉलमध्ये बसायची, तिथला पंखा आवाज करतो म्हणून निसर्गात आली. चटया आणल्या, घंटी आणली, व्हॉट्सॲपचा ग्रुप आणला. यज्ञूचं झाड होतं ते मंडळाचं झाड झालं. आणि नियम केला, ध्यानात बसलेल्याला कोणी हात लावायचा नाही. आत गेलेला माणूस झटक्याने बाहेर आला तर त्याला अपाय होतो म्हणे. हे कोणत्या डॉक्टरने सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नाही पडलं.

यज्ञूला फार मान. कारण काय, तर घंटी वाजली की बाकीचे उठायचे न हा बसलेला. मंडळातल्या केतकीबाई बोलायच्या, किती खोल जातात हो भाऊसाहेब. अहो, त्याला घंटी ऐकू येत नव्हती! मी त्याला म्हटलं, सांगून टाक ना त्यांना. तर लाजला. ‘राहू दे ग ताई. जिंदगीत पहिल्यांदा कोणी मला साहेब म्हणून राहिलं.’

मग मीच गेले एक दिवस. सगळ्यांसमोर सांगितलं. ‘जयंतराव, ह्याला ऐकू येत नाही. वर शुगरची गोळी चालू आहे. कधी कधी शुगर एकदम खाली जाते. घाम फुटतो, मान झुकते, बोलत नाही. घरी दोनदा झालंय. तसं दिसलं तर हलवा. स्वेटरच्या खिशात खडीसाखरेची पुडी असते, खडा तोंडात घाला.’

जयंतराव म्हणाले, ‘मीनाताई, ध्यानाने शुगर आपोआप नॉर्मलला येते. काळजी सोडा, तुम्ही पण बसा.’

केतकीबाई हसल्या. यज्ञू झाडाकडे बघत होता. त्या दिवशी घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मी त्याची साहेबी घालवली होती.

आता तो दिवस. पौषातली संकष्टी, थंडी भयंकर. यज्ञूचा उपास. मी रोज ओट्यावर त्याची गोळी, पाण्याचा पेला न पोहे झाकून ठेवते. त्या दिवशी पोहे नाही केले, पण गोळी हाताच्या सवयीने काढून ठेवली. त्याने सवयीने घेतली न सायकल काढली. ही माझी चूक आहे. जयंतराव, हे पण छापा. मी माझी चूक दुसऱ्यावर टाकून नाही राहिले. पण माझी चूक खडीसाखरेच्या खड्याने मिटणारी होती.

पुढचं मी तिथे नव्हते तरी बघितलंय. केतकीबाईंनी रेकॉर्डिंग केलं न ग्रुपवर टाकलं, खाली सगळ्यांनी हात जोडलेले. अकरा मिनिटांचं आहे. यज्ञू मांडी घालून बसलाय. बाकीच्यांच्या तोंडातून वाफ निघून राहिली न याच्या कपाळावरून घाम गळून राहिला. जयंतरावांचा आवाज येतो, हळू, ‘बघा, एवढ्या थंडीत घाम. आतली उष्णता जागी झाली.’ मागून कोणी विचारतं, ‘मान झुकतेय, धरू का?’ परत जयंतराव, ‘नाही नाही, हात लावू नका. आता तर बिल्कुल नाही.’

मग यज्ञूचा उजवा हात उचलतो. खिशाकडे जातो. अर्ध्यावर थांबतो न तिथेच लटकून राहतो, बोटं थोडी वाकलेली. ग्रुपवर एकाने लिहिलंय, ही कोणती मुद्रा?

मग केतकीबाईंचा हात दिसतो, समोर झेंडूची फुलं ठेवताना. माझा भाऊ मरून राहिला न तुम्ही फुलं वाहिली.

त्यानंतर मंडळी पाया पडून पुलाजवळ चहा प्यायला गेली. त्याला त्रास नको म्हणून.

तिकडे रेशमबाई रोज म्हशींसाठी गवत कापते. तिला नियम कोणी सांगितला नव्हता. तिने बघितलं, बाबूजी भिजलेत. खांद्याला हात लावला न यज्ञू तिच्या अंगावर आडवा झाला. ती पुलापर्यंत धावत गेली न ओरडली, ‘साहब, ये ध्यान नहीं है, ये तो जा रहे हैं!’ लोडिंगची एक गाडी तिनेच थांबवली. गवताचा भारा टाकून त्याचं डोकं मांडीवर घेऊन तीच मागे बसली. जयंतराव पुढे ड्रायवरजवळ.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, ‘कब से ऐसे थे?’ मंडळाचे पाच जण उभे होते, पाचही जण खाली बघायला लागले. मी पोचले तेव्हा नर्सने त्याचे कपडे माझ्या हातात दिले. खिशात पुडी तशीच, दोरा पण सुटलेला नाही. दुपारी गेला. शेवटी मी खांद्यावर हात ठेवला होता. वळला नाही.

तेराव्याला जयंतराव बोलायला उभे राहिले. असं मरण भाग्यवंताला मिळतं म्हणाले. मी पंगतीत जिलबी वाढत होते. म्हटलं, ‘जयंतराव, तुम्हाला पाहिजे का हे भाग्य? झेंडू मी आणते.’ कोणीतरी माझ्या हातातून ताट घेतलं न मला आत नेलं, की दुःखात आहे बिचारी. मी दुःखात होतेच. पण शुद्धीत पण होते.

पुढच्या महिन्यापासून मी रोज सकाळी तिथे जायला लागले. बसायला नाही. मंडळी डोळे मिटून बसली की मी एकेकाजवळ जाते न खांद्यावर हात ठेवते. हललं की पुढचा. केतकीबाई पहिल्या दिवशी किंचाळल्या.

जयंतराव म्हणाले, ‘मीनाताई, तुम्ही आमच्या साधनेत व्यत्यय आणताय.’

‘हो, आणून राहिले.’

‘हे रोज करणार का?’

‘तुम्ही रोज बसणार का?’

तीन जण सोडून गेले. चार नवीन आले. त्यांना आधीच सांगितलेलं असतं, ही बाई थोडी हललेली आहे, लक्ष देऊ नका.

मग या महिन्यात झाडाखाली चबुतरा बांधला न त्याच्यावर संगमरवरी दगड बसवायचं ठरलं. रविवारी उद्घाटन. मजकूर मला फोनवर वाचून दाखवला, ‘ब्रह्मलीन श्री यज्ञेश्वर यांनी येथे ध्यानावस्थेत आनंदाने देह ठेवला.’

मी म्हटलं, त्याने देह ठेवला नाही. त्याचा हात खिशाकडे गेला होता. त्याला घरी यायचं होतं, चंद्र बघून मोदक खायचे होते, सारण मी करून ठेवलं होतं. तुमचा दगड वाचून नवीन माणूस काय शिकेल? की असं बसायचं. आणि शेजारचा असा बसला की बसू द्यायचं. उद्या अजून कोणाची शुगर खाली जाईल, कोणाच्या छातीत दुखेल, न तुम्ही फुलं घेऊन उभे. दगड लावायचाच तर एकच ओळ लिहा, ‘इथे बसलेला माणूस हलत नसेल तर त्याला हात लावा.’

जयंतराव म्हणाले, ‘ताई, स्मारकावर असं लिहीत नाहीत. बरं नाही दिसत.’

शुक्रवारी गवंड्याने दगड बसवला. शनिवारी सकाळी मंडळी यायच्या आधी मी न रेशमबाई पोचलो. सिमेंट अजून ओलं होतं. तिने विळ्याने चारी बाजू खरवडल्या. मी म्हटलं, तुझ्यावर नाव येईल ग. ती म्हणाली, ‘आने दो. मैंने तो उस दिन भी पूछके हाथ नहीं लगाया था।’ दगड छोटाच आहे, दीड हाताचा. रिक्षात ठेवत होतो तेवढ्यात जयंतराव स्कूटरवरून उतरले.

‘मीनाताई, ही चोरी आहे! मी रिपोर्ट करीन.’

‘करा. सोबत तो अकरा मिनिटांचा विडिओ पण घेऊन जा. दोघं मिळून जाऊ ठाण्यात.’

ते तसेच उभे राहिले, हेल्मेट हातात. रविवारचं उद्घाटन झालं नाही.

आता दगड माझ्या स्वयंपाकघरात आहे, ओट्याला टेकवून, अक्षरं भिंतीकडे. मागची बाजू कोरी आहे, एकदम साफ. मी सांगितली ती ओळ तिथे कोरून घेत असाल तर जयंतराव, दगड तुमचा. माणूस पाठवा, मी चहा पण देईन. नाहीतर तो इथेच राहील न चबुतरा रिकामा राहील, न मी रोज सकाळी येत राहीन. माझे गुडघे चालतील तोपर्यंत मी, नंतर रेशमबाई. तिने कबूल केलंय.

आज थंडी पुष्कळ होती. नऊ जण बसले होते. खंड्या आला होता, समोरच्या दगडावर. मी एकेकाच्या खांद्यावर हात ठेवला. जयंतरावांना शेवटी हात लावला, त्यांनी डोळे नाही उघडले पण खांदा आखडला.

नऊही जण गरम होते. मग मी घरी आले.