भिंतीतली सरकी

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावले की खोलीत आवाज घुमत नाही, असं ज्याने पहिल्यांदा सांगितलं तो माणूस मला कधी भेटला, तर मी त्याला त्या ट्रेंसकट एका खोलीत कोंडणार आहे. माझे तीन रविवार त्याने खाल्ले. झुरळं झाली ती वेगळीच.

मी तेव्हा आदिलाबादला मराठी माध्यमाच्या शाळेत सामाजिक शास्त्र शिकवत होते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिला जन्मापासून दिसत नव्हतं. गाव पैनगंगेकडचं, वडील कापूस-ज्वारी करणारे. शिकायला म्हणून ती आमच्याच गल्लीत आत्याकडे राहायची. तिला वाचता येतील अशी पुस्तकं कुठेही नव्हती. महाराष्ट्रात ऐकायची पुस्तकं मिळतात, पण ती तिकडच्या अभ्यासक्रमाची. आमची भाषा मराठी आणि अभ्यासक्रम हैदराबादचा, त्यामुळे आम्ही दोन्हीकडून उपरे. शेवटी ती सातवीत असल्यापासून मीच तिची पुस्तकं मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करायला लागले आणि मेमरी कार्डात भरून द्यायला लागले. मध्येच तेलंगण राज्य वेगळं झालं, पुस्तकं बदलली आणि मी घसा खरवडून वाचलेल्यातलं अर्धंअधिक एका फटक्यात निकामी झालं. कोणी साधं 'तुमचे कष्ट वाया गेले' असंही म्हटलं नाही.

ऐकणारी म्हणून ती मुलगी महाखट होती. तिला सगळं ऐकू यायचं. "बाई, तुमी रांजणात बसून बोलून राह्यल्या का?" हा तिचा पहिला शेरा. मग, "धडा तिसरा पुन्हा वाचा, मधात कुकर बोलते." मग, "पुन्हा वाचा, पंखा चालू हाय." एकदा म्हणाली, "पुन्हा वाचा बाई, तुमी रागात हाय, मले धडा समजूनच नाई राह्यला." वीस वर्षं मी मुलांना 'पुन्हा लिही' म्हणत आले होते, त्याची व्याजासकट परतफेड ती करत होती.

दहावीचा अर्ज भरायची वेळ जवळ आली तसं आमच्या मुख्याध्यापकांना भय वाटायला लागलं. ते फार सज्जन आणि फार भित्रे. या मुलीला मराठीतून अभ्यासाचं साहित्य उपलब्ध आहे असा वरून कागद आल्याशिवाय आपण तिचा अर्ज भरणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. म्हणून मी लेखी विनंती आणि मोबाइल घेऊन जिल्हा शिक्षण कचेरीत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, ये तो कुएँ में से आवाज आ रही. स्टूडियो का रिकॉर्डिंग लाओ. नहीं तो लड़की को तेलुगू मीडियम के हॉस्टल में डाल दो, उधर सब मिलता."

सब मिलता! दहावीच्या तोंडावर पोरीने भाषा बदलायची, घर बदलायचं, का तर माझ्या खोलीच्या भिंती गुळगुळीत आहेत. तिला तेलुगू बाजारात भाजी घेण्यापुरती येत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला विचारलं, तुमच्या मुलाला उद्या मराठीतून परीक्षा द्यायला सांगितली तर? तो हसला. ते हसणं अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मराठी वाचून घेणारा स्टुडिओ आमच्या गावात कुठला? हैदराबादला जाऊन सहा पुस्तकं वाचायची तर मला नोकरी सोडावी लागली असती. तेव्हा ठरवलं की घरातच स्टुडिओ करायचा. आमच्या बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक खुर्ची मावेल एवढी सांद होती. कूलर तिथून हलवला. मग ते ट्रे आले. चौकातल्या अंडेवाल्याकडून गोळा केले, खिळे ठोकून लावले, आतून वरपासून खालपर्यंत. वाचून पाहिलं तर आवाज होता तसाच, फक्त खोलीला वास यायला लागला. नंतर मला कळलं की पातळ पुठ्ठा आवाज पीत नाही. आवाज प्यायला जाड, मऊ आणि पोकळ असं काहीतरी लागतं. पुढे मी कपाटाचं दार उघडून साड्यांमध्ये तोंड घालून वाचायला लागले. त्याने बराच फरक पडला. पण सासूबाई देवदर्शनाहून आल्या आणि दारातच थबकल्या. "काऊन वं, कपाटाले काय सांगून राह्यली?" म्हणाल्या. शिवाय पुस्तक हातात धरायला जागा नव्हती.

मुलीच्या वडिलांच्या कानावर हे गेलं. पुढच्या बाजाराला ते गाठोडं घेऊन दारात उभे राहिले. दसरा नुकताच झाला होता. पहिल्या वेचणीचा कापूस, पांढराशुभ्र, त्यात एक पाचोळा नाही. "मॅडम, घरचा हाय. भिंतीले लावा. इकत काऊन घेता, आपल्या घरी कापूस असून?" त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर नाही म्हणायचं सुचलंही नाही. मीही याच मातीतली. कापूस म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे झाडावरून वेचलेला सरकीसकट कापूसच येतो. जिनिंगमध्ये सरकीचं बी काढल्यावर निघते ती रुई, ती गाठी बांधून परगावी जाते, तिच्याशी आमचा संबंध नाही. आम्ही दोघांनी मिळून जुन्या चादरींच्या खोळी शिवल्या, दाबदाबून ठासल्या आणि तिन्ही बाजूंनी भिंतीला घट्ट बांधल्या. कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसांनीच करावी अशी चूक होती ती.

पंधरा दिवस मी त्यात बसून वाचलं. भूगोल संपवला. कार्ड दिलं. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, रांजण गेला. पण तुमच्या भिंतीत कोणी खाऊन राह्यलं."

"काय खाऊन?"

"कुरकुर कुरकुर. गोदावरीपासून सुरू होते. पुन्हा वाचा."

घरी जाऊन खोळ उसवली तर आत उंदरांनी संसार थाटलेला. सरकी त्यांना मेजवानीच. वरून गुलाबी अळ्या खुर्चीवर टपटप पडल्या. त्या दिवशी मी रडले, रागाने. अर्जाला महिना उरला होता आणि माझ्या स्टुडिओत मी सोडून सगळे जेवत होते.

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. त्यांचा कार्तिकातला लाख वातींचा नेम होता. रोज दुपारी गल्लीतल्या पाच-सहा बायका आमच्याकडे बसून कापसातली सरकी काढायच्या आणि वाती वळायच्या. मला वाटलं, त्या म्हणतील, देवाच्या कामाला बसलेल्या हातांना हे कसलं काम. त्यांनी गाठोडं मध्ये ओढलं आणि बायकांना म्हणाल्या, "आधी पोरीचं करा. देव काई दहावीले बसला नाई." आठ दुपारी त्या बायकांनी बोटांनी सरकी काढली. त्यांच्या बोटांना ती सवयच होती. एकेक बोंड हातात घ्यायचं, अंगठ्याने दाबायचं, सरकी बाजूला. बोलणं चालूच. त्यांच्या वाती मात्र त्या वर्षी लाखाला बऱ्याच कमी भरल्या. सासूबाईंनी त्याबद्दल देवापाशी काय सांगितलं ते मला माहीत नाही.

निघालेली रुई मी गादीवाल्या पिंजाऱ्याकडे नेली. त्याने ती पिंजून दिली, पण माझ्या खोळी पाहून कपाळाला हात लावला. "बाई, दबा को नक्को भरो. रुई को हवा होना. और दीवार को चिपकाव नक्को, चार उंगल छोड़ो." इतक्या दिवसांत मला मिळालेला तो पहिला शहाणा सल्ला. त्याने शिवलेल्या चार पातळ, भुसभुशीत गाद्या मी भिंतीपासून चार बोटं सोडून टांगल्या, डोक्यावर एक घोंगडी ताणली, पायाखाली सतरंजी टाकली. बाहेरचा जीपचा हॉर्न या गाद्या अडवत नाहीत, तो येतोच. म्हणून दुपारी दोन ते चार, गल्ली झोपलेली असताना वाचायचं. रजा टाकून सगळी पुस्तकं पुन्हा वाचून काढली. मुलगी ऐकत राहिली. एका धड्याला तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही, तेव्हा मला कळलं की जमलं.

कार्ड घेऊन कचेरीत गेले तर तिथे सगळी आवराआवर चाललेली. त्या दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले होते आणि कागदांचे बस्ते बांधून चारी दिशांना धाडले जात होते. मी पहिल्या खेपेला दिलेला आमच्या मुलीचा विनंतीचा कागद मंचेरियलच्या बस्त्यात गेला होता. मुलगी आदिलाबादची, शाळा आदिलाबादची, बाई आदिलाबादची, कागद मंचेरियलला. मी बसने मंचेरियलला गेले. तिथला कारकून चांगला माणूस होता. त्याने बस्ता सोडून कागद शोधला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला की ही मुलगी आमच्या जिल्ह्याची नाही, आम्ही सही कशी करणार? मी म्हटलं, मग कागद मला द्या. तो म्हणाला, कागद आमच्या बस्त्यात आहे, तो तुम्हाला कसा देणार? परतीच्या बसमध्ये मी शेजारच्या अनोळखी बाईंना ही सगळी हकिकत ऐकवली. त्या बिचाऱ्या दोन थांबे आधीच उतरल्या असाव्यात.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी मुलीला घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. त्यांनी नेहमीप्रमाणे कागद मागितला. मी म्हटलं, कागद नाही. तिला विचारा कुठला धडा विचारायचा तो. त्यांनी घाबरत घाबरत नद्या विचारल्या. ती उभी राहिली आणि सुरू झाली. अक्षर न् अक्षर, आणि मी वाचताना मध्ये तिच्यासाठी घातलेलंही सगळं: "इथं नकाशा हाय. बेटा, डावा तळहात उघड. मनगट म्हंजे नाशिक समज, गोदावरी तिथून निघते. बोटांच्या टोकाशी समुद्र हाय." बोलता बोलता ती उजव्या हाताचं बोट डाव्या तळहातावरून नेत होती. मुख्याध्यापक "बस, बस" म्हणाले. तिने ऐकलं नाही, धडा संपवूनच थांबली. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली. पेन झटकत मला म्हणाले, "मॅडम, काही झालं तर तुम्ही सांगा हं, मी नाही म्हणालो होतो."

मार्चमध्ये तिने मराठीतून परीक्षा दिली. ती उत्तरं सांगायची, एक नववीची मुलगी ती लिहून घ्यायची. पहिल्या श्रेणीत पास झाली.

आषाढात शाळेत कचेरीचा एक लिफाफा आला. तेलुगूत टाइप केलेलं पत्र, खाली गोल शिक्का. ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या दर्जाचं आढळल्यामुळे सदर विद्यार्थिनीने दहावीची परीक्षा मराठीतून देण्यास हरकत नाही. नवं कार्ड तर तिथे कोणी ऐकलंही नव्हतं; मी ते पत्र तिथेच फाडणार होते. मग वाटलं, हे जिच्यासाठी आहे तिला आधी कळू दे. घरी आले, गाद्यांमध्ये बसले, पत्राचं मराठी करत शिक्क्यापर्यंत नीट वाचलं आणि तिला पाठवलं. रागात वाचलं होतं, तेव्हा उत्तर काय येणार ते मला माहीत होतं.

संध्याकाळी फोन आला. तेव्हा ती इंटरला, म्हणजे अकरावीला होती. पुन्हा वाचा, असं ती म्हणालीच नाही.

"बाई, आवाज साफ हाय," ती म्हणाली. "पण यातलं काई परीक्षेत येते का? नसंन तं खोडून टाकतो. कार्डात जागा नाई."