पाण्यावरची सुई

“आई, आजचा वर्ग बंद ठेव. पोरं हसतील तुला!” लेक म्हणाली.

“हसू देत. जन्मभर वाटी, लिंबू, फुगा घेऊन विज्ञान शिकवलं मी. आता तू मला शहाणपण शिकव!”

“मग तरंगव सुई!”

पाण्यावर सुई आडवी, अलगद ठेवणं म्हणजे पोरांच्या या ‘प्रयोगआजी’च्या डाव्या हातचा मळ. पण कंपवातापुढे डॉक्टरांनीही हात टेकले होते. तिने श्वास रोखला. बोटं कुठली ऐकायला! सुई टोकावर पडली नि तळाशी गेली. दुसरीही बुडाली. तिसरी लेकीने ठेवली. ती मजेत तरंगली.

“तू नुसतं सांग, आई, मी करून दाखवीन. चालेल ना?”

दाराशी पोरांचा गलका झाला. आजी ओले हात तसेच घेऊन मागच्या दाराने निघून गेली.