लाभाची फेरी

उमरीच्या शाळेत साखराबाई एकोणीस वर्षं खिचडी शिजवते. तांदूळ मापताना पहिल्या मापाला ती ‘लाभ’ म्हणते आणि ते मोजणीत धरत नाही. सासरची रीत. पुढच्या मापापासून एक, दोन, तीन. पोरांच्या ताटात त्यामुळं चार घास जास्त पडतात. वहीत मात्र ते जास्तीचं माप कधी चढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात रामलिंग सरांनी धावण्याचा कार्यक्रम ठरवला. समुद्रापलीकडं बारमाही पावसाचं एक जंगल आहे, ते तोडलं जातंय, त्याला मदत पाठवायची. पोरांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि घरच्यांनी फेरीमागं ठरलेले पैसे द्यायचे. पोरांच्या अंगातही जोर येईल, असं सर म्हणाले. खिचडीघरातली साखराबाईची जोडीदारीण सुमनबाई हसली. आपल्या नळाला आठ दिवसांनी पाणी, अन् पळायचं रोज पाऊस पडतो तिथल्यासाठी.

पण अर्ध्या तासात वीस फेऱ्या करणाऱ्याचं नाव तिथल्या एका झाडाला मिळणार होतं. ते ऐकल्यापासून सातवीतली दीपमाला रोज सकाळी खिचडीघरामागं पळायची. त्या झाडाला आपलं नाव कळंल का, असं साखराबाईला विचारायची.

फेऱ्या मोजायला माणसं कमी पडली, तेव्हा दीपमालानंच साखराबाईला मागून घेतलं. साखराबाई पदरात चिंचोके घेऊन ओट्यावर बसली. पोरगी समोरून गेली की वाटीत एक चिंचोका. शिट्टी झाली तेव्हा वाटीत एकोणीस निघाले.

“सर, वीस झाल्या,” दीपमाला धापा टाकत म्हणाली. “मी मोजत होते.”

सरांनी साखराबाईकडं पाहिलं. सगळी शाळा पाहत होती. शेतातलं काम टाकून आलेला पोरीचा बाप रामकिशनही.

“चिंचोके खोटं बोलत न्हाईत, सर.”

रामकिशननं मान खाली घातली. एका झाडापायी खोटं बोलतीस व्हय, असं तो लेकीला सगळ्यांदेखत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं माप पातेल्यात पडलं, तोंडातून ‘लाभ’ निघालं आणि साखराबाईचा हात तिथंच थांबला. काल पोरगी पहिल्यांदा समोरून गेली तेव्हाही ती हेच पुटपुटली होती. तो चिंचोका पदरातच राहिला होता.

ती तशीच ऑफिसच्या दारापर्यंत गेली. नावांची यादी अजून सरांच्या टेबलावर होती. पण लाभाचं सांगायचं म्हणजे तांदळाचंही निघणार, एकोणीस वर्षांची वही उघडणार. दारातला रिकामा हंडा उचलून ती परत फिरली.

उद्या सांगू, परवा सांगू म्हणता परीक्षा आल्या. जूनमध्ये दीपमालाला लातूरला मामाकडं शिकायला धाडायचं ठरलं. निघताना ती खिचडीघरात पाया पडायला आली.

“माझंच मोजायचं चुकलं असंल, मावशी. तुमचं कुठं चुकतंय?”

साखराबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. बोलायला तोंड उघडलं, तर पोरीला निकालाचे मार्क विचारून बसली. बाहेर रामकिशन मोटरसायकल चालू करून उभा होता.

आता पहिल्या मापाला साखराबाईच्या तोंडून ‘एक’ निघतं. बाई, लाभ म्हणायचं राहिलं की, असं सुमनबाईनं दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. शेवटच्या पंगतीतली पोरं अलीकडं पातेलं खरवडायला लावतात.