खाटेखालचा शाफ्ट

कट्टा गावाच्या अलीकडच्या चढावर फ्रान्सिस्काचं घर. तिची पिकअप सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. लेकीला कपाट-पलंग देण्याऐवजी बापाने लग्नात ही गाडी दिली होती, आणि तेव्हाही ती नवी नव्हती. नवरा, पेद्रू, जन्मभर तिच्या शेजारी बसून फिरला. स्टिअरिंगला हात लावायची त्याची कधी छाती झाली नाही. तो गेल्यावरही फ्रान्सिस्का काजूची पोती घालून कणकवलीच्या बाजाराला स्वतःच जायची. चेहऱ्यावर पावडर, केसांत क्लिप, आणि सीटखाली ग्रीसची गन.

गाडीत तिचा जीव सगळ्यात जास्त कशात असेल, तर शाफ्टमध्ये. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेऊन देणारा, गाडीच्या पोटाखालचा तो लांब लोखंडी दांडा. बाहेर पडण्याआधी ती वाकून तो हाताने हलवून बघायची. दोन्ही टोकांच्या सांध्यांत, म्हणजे क्रॉसमध्ये, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरायची. गुंडाळलेला पेंढा, सुतळी, काय असेल ते सुरीने कापून काढायची. "पोराचे कान साफ केल्यासारखा करता," असं शेजारीण हौसाबाई म्हणायची.

तिच्या या सुखात एकच खडा होता. तो म्हणजे पेद्रूचा चुलतभाऊ फॉस्टिन. माणूस सोन्यासारखा, पण वस्तू उसनी नेली की तिचे हाल कुत्रा खाणार नाही. गेल्या वर्षी फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, त्याने पिकअप नेली आणि मासळी आणायला थेट किनाऱ्यावर, ओल्या वाळूत उतरवली. परत आली तेव्हा पुढच्या क्रॉसला रापणीच्या जाळ्याचा तुकडा करकचून गुंडाळला होता. सांध्यात खारं पाणी शिरलं होतं. महिन्याभरात गाडी खणखण वाजू लागली. जुन्या गाडीचा क्रॉस सहजी मिळतो का? तो सापडेपर्यंत फ्रान्सिस्काला एसटीने फिरावं लागलं. ते दुःख ती विसरली नव्हती.

यंदा फेस्त जवळ आलं तशी ती सावध झाली. एका दुपारी चाकांना दगड लावून ती गाडीखाली शिरली. शाफ्ट परत तसाच बसावा म्हणून जोडावर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या, बोल्ट सोडवले, क्रॉसच्या वाट्या निसटू नयेत म्हणून चिंधी बांधली. शाफ्ट चादरीत गुंडाळून खाटेखाली सरकवला आणि चहा ठेवला.

दुसऱ्याच दिवशी फॉस्टिन हजर.

"वैनी, फेस्ताक बँडवाल्यांक आणूक गाडी होयी गो."

"ने की रे! पण शाफ्ट नाय. मंगेशाच्या लेथार दुरुस्तीक दिललो आसा, कणकवलीक."

फॉस्टिनने वाकून बघितलं. खरंच नव्हता. फ्रान्सिस्काने चेहरा असा पाडला, की कुंपणापलीकडून बघणाऱ्या हौसाबाईला वाटलं कोणी आजारी आहे.

"इतक्याच ना?" फॉस्टिन म्हणाला. "मी उद्या थंयच जातंय. येताना घेवन येतंय."

"कित्याक तुका त्रास!" फ्रान्सिस्का घाईघाईने म्हणाली.

"त्रास कसलो? तू काय परकी?"

रात्री बराच वेळ ती कूस बदलत राहिली. पण मंगेश 'असा कुठला शाफ्ट नाय' म्हणेल आणि आपण 'विसरलो असतलो मेलो' म्हणू, असा मनाशी हिशेब करून ती झोपली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात फॉस्टिन चढ चढून आला. घामाने निथळत होता आणि खांद्यावर एक शाफ्ट होता!

"हो बघ तुझो शाफ्ट! मंगेश कामात होतो. म्हटलं कट्ट्याचो शाफ्ट दी, तर म्हणालो, थंय भिंतीक लावललो आसा, घेवन जा."

फ्रान्सिस्काने शाफ्टला हात लावून बघितला. आपला म्हणावा तर पंचाईत, नव्हे म्हणावा तर त्याहून मोठी. तोवर फॉस्टिन गोणपाट पसरून गाडीखाली शिरलासुद्धा. एक टोक लागलं की दुसरं वीतभर बाहेर.

"वैनी, हो लांब कसो झालो गो?"

आता मात्र तिच्या अंगात खोडी संचारली. "उनातसून खांद्यार हाडलंस मा? गरम झालो की लोखंड वाढता म्हणतत."

फॉस्टिन उठला. विहिरीवरून बादली आणली, शाफ्टवर ओतली आणि आकसायची वाट बघत बसला. फ्रान्सिस्का पदर तोंडात कोंबून आत पळाली.

तेवढ्यात फटफटी वाजली. कट्ट्याच्या बाजारात टेम्पो चालवणारा सर्वेश लाल होऊन अंगणात उतरला.

"माझो शाफ्ट पळवणारो चोर खंय आसा?"

"चोर कोणाक म्हणतंस? हो वैनीचो शाफ्ट!"

"वैनीचो? मंगेशाक आताच फोन केलंय. हेंचो शाफ्ट थंय गेलोच नाय!"

फ्रान्सिस्का दारात आली होती. दुसरी थाप जिभेवर तयार होती, पण तोंडाला ग्रीस फासलेला फॉस्टिन छाती काढून उभा राहिला.

"सर्वेशा, तोंड सांभाळ. माझी वैनी खोटा बोलूची नाय."

त्या वाक्यावर मात्र तिने ती थाप गिळून टाकली. ती आत गेली आणि चादरीची वळकटी ओढत बाहेर आली. चादर सुटली. आतून तिचा शाफ्ट घरंगळला.

"वैनी," फॉस्टिन हळूच म्हणाला, "माझ्यासाठी लपयलंस?"

"तुझ्यासाठी नाय रे. तुझ्यापासून."

सर्वेश पोट धरून हसला आणि आपला ओला शाफ्ट घेऊन गेला. फॉस्टिन मात्र पायरीवर बसून राहिला. फ्रान्सिस्काने आतून जुना क्रॉस आणला आणि त्यावरचा गंज आणि चरे त्याच्यासमोर धरले. जाळं, खारं पाणी, एसटीच्या फेऱ्या, सगळं सांगितलं.

"माझ्यामुळे? ह्या माका कोणी सांगलाच नाय," तो म्हणाला.

खरंच होतं. ती वर्षभर हौसाबाईकडे त्याच्या नावाने बोटं मोडत होती, पण त्याला मात्र काजू खाऊ घालत होती.

"आता सांगतंय मा? शीर खाली."

तिने वरून हुकूम सोडले आणि फॉस्टिनने खुणेला खूण लावून शाफ्ट चढवला. फेस्ताला बँडवाले पिकअपमधूनच आले, पण चालवायला फ्रान्सिस्का होती. चर्चच्या पटांगणात तिने गाडी अशी वळवली की तुतारीवाल्याचा सूर अर्ध्यात तुटला.

तेव्हापासून ग्रीस भरायचं काम फॉस्टिनकडे आहे. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तो गोणपाट घेऊन येतो आणि गाडीखालून अखंड बोलत राहतो. कधीकधी सांधे ग्रीसने तुडुंब भरलेले असतात, करण्यासारखं काहीच नसतं. तरी फ्रान्सिस्का पायरीवर बसून फणसाचे गरे खात सांगते, "मागच्या बाजूक परत एकदा बघ रे, माका कायतरी वाजल्यासारखा वाटता."