डावीकडच्या स्प्रिंगा

मुकुंद मंगळवारी दुपारी वारला. सुमनवहिनींचा फोन आला, मी जालन्याहून तीर्थपुरीला गेलो. त्याच्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता.

मुकुंद माझा मावसभाऊ. बियाण्यांचं दुकान बंद केलं की तो कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचा. खेळायचा कमी, गाडी जुळवत बसायचा जास्त. मला त्यातलं फारसं कळत नसे, तरी तो सांगत राही. "आधी वजन बघायचं, मंग स्प्रिंग. जड गाडीला नरम स्प्रिंग दिली तर पोट घासतं. हलकीला कडक दिली तर उड्या मारती, चाक रस्ता धरत न्हाई." खऱ्या गाडीलाही हाच नियम. कुठं निघायचं असलं की सगळ्यांना आत बसवायचा आणि स्वतः बाहेर उभा राहून गाडी कुठल्या बाजूला किती दबली ते बघायचा. वहिनी पुढे, त्याच्या डावीकडे बसत. "बघ, तू बसली की गाडी डावीकडं कलती!" "मंग मला ठेवा घरी अन् जा एकटेच," वहिनी म्हणत. कॉम्प्युटरवर खेळतानाही त्या त्याच्या डाव्या हाताला स्टुलावर बसून शेंगा सोलत असायच्या.

महिन्याभराने पुन्हा गेलो, तेव्हाही कॉम्प्युटर चालूच होता. लाइट गेली तरी वहिनींनी तो इन्व्हर्टरवर चालू ठेवला होता. पडद्यावर त्याची पांढरी गाडी उभी होती, काचा काळ्या. आवाज बंद केलेला, गाडी नुसती थरथरत होती. आणि ती उजवीकडे कलली होती, ड्रायव्हरच्या बाजूला... आत कुणी बसल्यावर कलते तशी.

वहिनी उंबऱ्याच्या आत येत नव्हत्या. "भाऊजी, हे आत बसलेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लेक न्यायला आल्ती, मी न्हाई गेले. ती म्हणती, बंद कर. बंद केलं तर उतरतील कुठं?"

मी खुर्चीवर बसलो. त्याने शिकवलं होतं तेवढ्या आधारावर स्प्रिंगांचं पान उघडलं. डाव्या दोन्ही चाकांच्या स्प्रिंगा उजव्यांपेक्षा कडक होत्या. या जुळणीला त्याने नाव दिलं होतं, 'सुमनसकट'.

समजायला मला वेळ लागला. वहिनींचं वजन धरून त्याने डावी बाजू कडक केली होती. खेळातल्या गाडीत ते वजन कधी आलंच नाही. म्हणून डावी बाजू उचललेली राहिली आणि उजवी दबलेली दिसत होती.

हे सगळं वहिनींना सांगितलं.

"म्हंजे माझी जागा रिकामी हाय म्हणून कलली?"

त्या आत आल्या. स्टूल ओढून डावीकडे बसल्या. पडद्याकडे पाहत राहिल्या.

"आता बराबर झाली," त्या म्हणाल्या.

मी मान वर केली नाही... पडद्याकडे पाहायचा मला धीर झाला नाही. मग त्यांनीच हात लांब करून कॉम्प्युटर बंद केला.

वहिनी आता जालन्यात लेकीकडे असतात. तीर्थपुरीची खोली बंद आहे. स्टूल खुर्चीच्या डावीकडे आहे. डावीकडच्या स्प्रिंगा कडकच आहेत.